हात पाठीमागे

[दृश्य: चेंबूर. सोसायटीचा जिना, दुसरा मजला, दाराबाहेर चपलांची रांग. सकाळचे ७.]

इथे राहणाऱ्या चौघांना सांभाळणाऱ्यांची पाळी बदलायच्या वेळी हे दार उघडंच असतं. आत डायनिंग टेबलावर एक जाड वही आहे, तिला दोऱ्याने बांधलेलं बॉलपेन. बदलापूरहून निघून, कुर्ल्याला हार्बरची गाडी बदलून आलेली ताई खांद्यावरची पर्स काढायच्या आधी ती वही पुढ्यात ओढते. रामराम, चहा, सगळं नंतर.

[दृश्य: वहीचं पान, जवळून.]

'२.१० ला उठले. गॅलरीत उभे होते. पाणी प्यायले. २.४० ला परत आडवे.' रात्रीच्या दादांनी एवढंच लिहिलंय. 'रात्री अस्वस्थ होते' असं लिहिलेलं नाही, आणि ही वही लिहायला शिकताना पहिला धडा हाच असतो. अस्वस्थ होते की नुसतं उकडत होतं, हे डॉक्टर ठरवतील, चार-पाच रात्रींची पानं शेजारी शेजारी ठेवून. वहीत फक्त दिसलं ते यायला हवं. 'चिडले' चालत नाही. 'ताट सरकवलं, दोनदा नको म्हणाले' चालतं. 'जेवण बरं झालं' चालत नाही. 'दीड चपाती, अर्धी वाटी वरण' चालतं. शौचाचा रकाना वेगळा आहे आणि तो कोरा सोडायचा नाही. का, ते पुढे येईलच.

या घरात चार पुरुष राहतात. एकाला स्किझोफ्रेनिया (भास-भ्रमांचा मानसिक आजार), एकाला बायपोलर (कधी अति उत्साह, कधी खोल उदासी), एकाला फिट येतात आणि समजायला थोडा वेळ लागतो, चौथे सेरेब्रल पाल्सीमुळे (मेंदूच्या इजेने हालचालींवर ताबा राहत नाही) व्हीलचेअरवर. घरचं कुणी नाही, किंवा आहे पण सांभाळणारं नाही. दिवसा मदतीला दोघं, एक ताई आणि एक दादा. रात्री एक जण. 'पेशंट' हा शब्द इथे कुणी वापरला तर ताई तिथल्या तिथे टोकते. रहिवासी. आणि बिल्डिंगमध्ये याची ओळख 'दुसऱ्या मजल्यावरचं घर' इतकीच.

[दृश्य: खणांचा औषधाचा डबा. दोन माणसांचे हात.]

हा डबा २८ खणांचा. सात वार, दिवसाच्या चार वेळा. तो रविवारी भरतात आणि दोघांनी मिळूनच भरतात: एकाने डॉक्टरांचा कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने गोळी टाकायची, मग जागा बदलून पुन्हा मोजायचं. एकट्याने भरला की चुका होतात, आणि त्या बहुतेक एकाच जातीच्या. एकाच औषधाच्या २५ आणि १०० मिलिग्रॅमच्या पट्ट्या दिसायला सारख्या असतात. कात्रीने पट्टी कापतानाही मुदतीची तारीख छापलेला तुकडा शेवटपर्यंत राखायचा. तोच आधी कापला गेला तर उरलेल्या गोळ्या कधीच्या, हे कळायला मार्ग नाही.

केमिस्ट म्हणतो, 'औषध तेच आहे, कंपनी वेगळी.' गोळीचा रंग बदलला की रहिवासी ती घ्यायला नकार देतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. अनोळखी गोळी कुणीही परत करेल. फिटच्या औषधांत तर कंपनी बदलायच्या आधी डॉक्टरांना विचारायचं असतं, कारण रक्तातलं प्रमाण थोडं हललं तरी फिट परत येऊ शकते. म्हणून घरात किमान सात दिवसांचा साठा जास्तीचा ठेवतात. पावसाळ्यात कुर्ला-सायनला पाणी भरलं की केमिस्टकडे माल पोचत नाही, हे कारणही आहेच.

[दृश्य: तळहातावर गोळी, पाण्याचा ग्लास.]

गोळी द्यायची ती समोर, नाव सांगून. वरणात कुस्करून, शिऱ्यात लपवून द्यायची नाही. एकदा असं कळलं की माणूस जेवणावरच संशय घेतो, आणि मग गोळीही जाते, जेवणही जातं. 'नको' म्हणाले तर अर्ध्या तासाने पुन्हा विचारायचं. तरीही नको, तर वहीत वेळ टाकायची आणि डॉक्टरांना फोन. जबरदस्ती नाही.

पंख्याखाली बसलेल्या काकांच्या हाताकडे बघा. ताई रोज बघते. ते बायपोलरसाठी लिथियम घेतात. मे महिन्यात घाम जातो, पाणी कमी प्यायलं जातं. अंगातलं मीठ-पाणी घटलं की मूत्रपिंड सोडियमबरोबर लिथियमही धरून ठेवतं. गोळी तीच, पण रक्तातलं प्रमाण वाढत जातं. हाताची थरथर नेहमीपेक्षा जास्त, उलटी, जुलाब, बोलणं जड, चाल डगमगती: यातलं काहीही दिसलं तर पुढची गोळी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय द्यायची नाही. गुडघा दुखतो म्हणून शेजाऱ्यांनी दिलेली आयबुप्रोफेनसुद्धा हेच करते. त्यामुळे या घरात 'साधी पेनकिलर' असा काही प्रकारच नाही.

आणि तो शौचाचा रकाना. खिडकीपाशी बसणारे काका स्किझोफ्रेनियासाठी क्लोझापिन घेतात. या औषधाच्या रक्ततपासणीबद्दल सगळे दक्ष असतात. पहिले १८ आठवडे दर आठवड्याला पांढऱ्या पेशी मोजतात, मग हळूहळू अंतर वाढतं. पण हेच औषध आतडीही मंदावतं. साधं बद्धकोष्ठ म्हणून सोडून दिलं तर आतडं अडतं आणि माणूस दगावू शकतो. म्हणून दोन दिवस रकान्यात 'नाही' असेल तर तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन जातो. 'आज झाली का?' हे विचारायला नव्या मुलांना लाज वाटते. आठवडाभर.

[दृश्य: बाथरूमचं बंद दार. बाहेर टॉवेल घेऊन उभे दादा.]

कॅमेरा इथेच थांबतो. आत काय आहे ते सांगता येईल. पाय असलेलं प्लास्टिकचं स्टूल, रबरी मॅट, भिंतीला आडवा दांडा. तो दांडा विटेत खोलवर बोल्ट मारून बसवलाय, नुसता टाइलवर नाही. टाइल माणसाचा भार पेलत नाही. बादलीत आधी थंड पाणी, मग गिझरचं. उलटं केलं आणि मधेच कुणी हात घातला तर भाजतं. आणि पाणी कोपराने तपासायचं, बोटांनी नाही. काम करणाऱ्याची बोटं राठ झालेली असतात.

दाराची बिजागरी मात्र मुद्दाम पाहा. मुंबईतल्या बहुतेक बाथरूमची दारं आत उघडतात. आत माणूस पडला तर तोच दाराला आडवा होतो आणि बाहेरून दार ढकलता येत नाही. इथे सुताराला बोलावून ते बाहेर उघडणारं केलंय, आणि कडी अशी की बाहेरून नाण्यानेही फिरते. फिट येणारा मुलगा कडी लावत नाही. त्याबदल्यात दादा बाहेरून त्याच्याशी क्रिकेटवर बोलत राहतात. उत्तर आलं नाही तर आत. महापालिकेचं पाणी सकाळी ठरावीक वेळच येतं, म्हणून चार आंघोळी त्याच वेळात बसवायच्या. पण घाई दाराबाहेर ठेवायची.

[दृश्य: पलंगावरून व्हीलचेअरवर. संथ गतीत.]

खुर्ची पलंगाला तिरकी, ज्या बाजूला जोर आहे त्या बाजूला. ब्रेक दोन्ही चाकांचे. पाय ठेवायच्या पट्ट्या वर. तळवे जमिनीला पूर्ण टेकलेले. मग पुढे झुकायचं, इतकं की नाक पायाच्या अंगठ्यांपुढे यावं. तिथे वजन आपोआप पायांवर येतं आणि बूड उचलतं. दादा कंबरेच्या पट्ट्याला धरतात, काखेत हात घालत नाहीत. काखेत धरून ओढलं की खांदा निखळू शकतो, तिथल्या नसा दुखावतात, आणि ओढणाऱ्याचीही कंबर जाते. एक, दोन, तीन कोण म्हणतंय, ऐका. खुर्चीत बसणारा म्हणतो. उठायची वेळ त्याने ठरवायची.

[दृश्य: स्वयंपाकघर. पोळपाट. खिडकीपाशी बसणारे काका चपाती लाटताहेत.]

ताईचे हात कुठे आहेत? पाठीमागे, एकात एक अडकवलेले.

चपाती एका बाजूला लांबत चाललीय. पीठ लावायला हवं होतं. ताईला ते कधीच दिसलंय. ती मनातल्या मनात दहा आकडे मोजते. सांगितलेलं मेंदूत पोचून हातापर्यंत यायला काहींना तेवढा वेळ लागतो, आणि आपण तिसऱ्या सेकंदाला बोललो की तो धागा तुटतो, पुन्हा पहिल्यापासून. दहा झाले की एकच वाक्य: 'काका, पीठ.' तरी झालं नाही तर डब्याकडे बोट. तरी नाही तर कोपराला हलका स्पर्श. हातावर हात ठेवून लाटून घेणं ही शेवटची पायरी, आणि ती आली तर वहीत तशी नोंद होते, म्हणजे पुढच्या महिन्यात ती एक पायरी मागे नेता येते.

स्वतः लाटल्या तर ताईच्या चपात्या पंधरा मिनिटांत होतात. असं करायला पाऊण तास लागतो. कणिक जमिनीवर पडते, एखादी करपते. हे काम बाहेरून पाहणाऱ्याला 'बाई नुसती उभी आहे' असं दिसतं, आणि पगारही बहुतेक ठिकाणी त्याच समजुतीवर ठरतो.

गॅसचा कॉक मात्र ताईच्या हातात. चहाची कृती ओट्यावर चिकटवलीय, सहा फोटोंमध्ये, याच ओट्याचे, याच पातेल्याचे. छापील चित्रं लावून पाहिली होती. चित्रातलं पातेलं वेगळं, म्हणून ती कृती वेगळ्या घरची ठरली.

[दृश्य: ताट. वाटीत मऊ भात, घट्ट वरण.]

व्हीलचेअरवरच्या दादांना गिळायला त्रास होतो. पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली, टीव्ही बंद, छोटा चमचा, पहिला घास गिळल्याची खात्री झाल्यावरच दुसरा. पातळ आमटीत मोकळा भात त्यांना चालत नाही. पाणी पुढे पळतं आणि शितं मागे राहतात. कोरडे पोहे, कुरमुरे, शेव नाही. पाव तर अजिबात नाही: लाळेत भिजून त्याचा गोळा होतो आणि घशात बसतो. मुंबईत वडापाव नाही म्हणणं सोपं नसतं. इथे वडा कुस्करून, चटणी दह्यात कालवून देतात. जेवल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. आणि पाणी प्यायल्यावर आवाज घोगरा-ओला झाला, तर खोकला आला नसला तरी पाणी श्वासनलिकेकडे गेलंय असं धरायचं.

[दृश्य: फ्रिजवर चिकटवलेला कागद.]

फिट आली तर: घड्याळ पाहा. कुशीवर वळवा. डोक्याखाली मऊ काही. तोंडात काही घालू नका, चमचाही नाही, बोटही नाही. कांदा-चप्पल नाही. ५ मिनिटांवर गेली तर १०८. 'कांदा-चप्पल नाही' ही ओळ तेवढी लाल शाईत आहे.

[दृश्य: ठाणे. मनोरुग्णालयाची भिंत, रस्त्यावरून.]

या भिंतीआड १९०१ सालची संस्था आहे. बरे होऊनही घरी न्यायला कुणी आलं नाही म्हणून माणसं देशभरच्या अशा भिंतींच्या आत वर्षानुवर्षं राहत आली. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी पालकत्वाची सोय केली. १८ पूर्ण झाल्यावर आईवडिलांनाही जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडून कायदेशीर पालक म्हणून नेमून घ्यावं लागतं. २०१६ चा अपंग हक्क कायदा आला. मग २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा. त्याचं कलम १९ सांगतं की कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही किंवा घर नाही, एवढ्याच कारणाने कुणाला रुग्णालयात ठेवता येणार नाही. आणि कलम १८ सरकारला सांगतं की अशांसाठी हाफ-वे होम (रुग्णालयातून निघाल्यावर काही काळ राहायची जागा), सहाय्यित निवास (मदतीसह राहायचं घर) उभे करा. चेंबूरचं हे घर त्या ओळीत बसतं. अशी घरं फार थोडी आहेत.

[दृश्य: भाजी बाजार. संध्याकाळ.]

ताई अर्धं पाऊल मागे चालते, गाड्यांच्या बाजूने. भाजीवाला तिलाच विचारतो, 'यांना काय देऊ?' ताई कोथिंबिरीच्या जुडीकडे बघत राहते, अगदी मन लावून. शेवटी भाजीवाला काकांकडे वळतो. दोनशे रुपये असलेलं पाकीट काकांच्या खिशात आहे. परत आल्यावर उरलेले पैसे मोजून वहीत दोन सह्या, एक काकांची.

रात्रपाळी इथे दिसणार नाही; झोपलेल्या माणसांचं चित्रण केलेलं नाही. बारा तासांची पाळी, कामाला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोचं कमिशन, दुखरी कंबर, आजारी पडलं तर बुडालेला रोज. घरकामगारांसाठी राज्याचा २००८ चा कल्याण मंडळाचा कायदा आहे. त्याची नोंदणी यातल्या किती जणींकडे असेल, कुणी विचारत नाही.

[दृश्य: संध्याकाळचे ७. टेबल. वही. दादा पर्स-डबा आवरणाऱ्या ताईकडे बघत बसतात.]

'चपात्या १६. काकांनी ११ लाटल्या. पीठ लावायला ३ वेळा सांगावं लागलं, हाताला हात एकदाही नाही. शौच: सकाळी, एकदा. कोथिंबीर १० रुपये, सही केली.'

[दृश्य: काका वाकून सही करताना. पेन दोऱ्याने ताणलं जातं.]