पट्टीतला पैसा

(दृश्य : देवगड बंदर, जूनची सकाळ. किनाऱ्यावर ओढून घेतलेल्या होड्या.)

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना समुद्र बंद. बंदरावर आता जाळी शिवायचं काम. चपटी सुई आसातून, म्हणजे जाळ्याच्या भोकातून, आत जाते, गाठ मारते, बाहेर येते. बोटांकडे बघा. शिवणाऱ्याचं स्वतःचं तिकडे लक्षही नाही, तो शेजारच्याशी बोलतोय.

(दृश्य : चढणीचा रस्ता, जांभ्याच्या चिऱ्यांचं घर, माडी.)

याच बंदराच्या वर, एका घराच्या माडीवर चौघांचं ऑफिस. खालच्या खोलीत आंब्याचं पॅकिंग चालायचं. हंगाम संपला, तरी पेंढा अजून कोपऱ्यात पडलाय आणि वास जिन्यापर्यंत येतो. हे चौघं बागायतदारांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर लिहितात. किती पेट्या गेल्या, काय दर लागला, हमाली, तोलाई, भाडं वजा जाता हातात काय उरलं. म्हणजेच पट्टी.

(दृश्य : लाल कापडी बांधणीची वही, शेजारी मोबाइलचा पडदा.)

एप्रिलात एका बागायतदारांची वही आणि पडद्यावरची पट्टी जुळेना. फरक एका पैशाचा. काका चिडले नव्हते. एवढंच म्हणाले, "पैसो एक गेलो तां चलात, पण वही चुकली कशी तां सांग."

वही चुकली नव्हती. संगणक अपूर्णांक फक्त ० आणि १ यांच्या, म्हणजे द्विमान पद्धतीत साठवतो. आयईईई ७५४ हे १९८५ सालचं मानक जवळपास सगळीकडे चालतं, आणि त्यात आपला साधा ०.१ नेमका बसतच नाही. ०.१ मध्ये ०.२ मिळवले की जावास्क्रिप्ट ही प्रोग्रॅमिंगची भाषा सांगते : शून्य दशांश तीन, मग पंधरा शून्यं, मग चार. १.००५ दोन दशांशांपर्यंत लिहायला सांगा, त्यासाठीचं टू-फिक्स्ड हे तिचं फंक्शन १.०० असं लिहून मोकळं होतं. पैसा गेला तो इथे.

उपाय जुनाच. रक्कम रुपयांत नाही, पैशांत, पूर्णांकात ठेवायची. पार्सफ्लोट, म्हणजे मजकुरातून अपूर्णांक काढणारं फंक्शन, रकमेला लावायचं नाही. असं तोंडी ठरलं. तोंडी नियम मे महिन्याच्या घाईत कितीसा टिकणार?

(दृश्य : पडद्यावर शोधाची भलीमोठी यादी.)

नियम कुठे मोडलाय ते शोधायचं होतं. पहिला प्रयत्न कोडच्या शोधपेटीत 'पार्सफ्लोट' हा शब्द टाकून बघायचा. यादी लांबलचक आली. त्यात टिप्पण्या, चूक दाखवणाऱ्या संदेशांतला मजकूर, आणि पेटीच्या वजनाचे हिशेब. वजनाला तर अपूर्णांक हवाच. अक्षरं सारखी, काम वेगळं, आणि शोधपेटीला फक्त अक्षरं दिसतात.

(दृश्य : डावीकडे कोड, उजवीकडे उलगडत जाणारी फांद्यांची मांडणी.)

हा भाग आम्ही दुपारभर टिपला, कारण बघताना आम्हालाच मजा येत होती. डावीकडे एकच ओळ : दर बरोबर पार्सफ्लोट, कंसात मजकूर. उजवीकडे त्याच ओळीच्या रचनेचं झाड. वर प्रोग्रॅम. त्याखाली व्हेरिएबलची, म्हणजे किंमत ठेवायच्या नावाची, घोषणा. तिला दोन फांद्या, एकीवर नाव, 'दर', दुसरीवर किंमत. किमतीच्या फांदीवर कॉल एक्स्प्रेशन, म्हणजे फंक्शनला मारलेली हाक, आणि हाक कुणाला, तर पार्सफ्लोटला. कर्सर शब्दावर नेला की उजवीकडची तीच फांदी पिवळी होते. एएसटी म्हणजे कोडच्या रचनेचं असं झाड. एएसटी एक्स्प्लोरर नावाचं हे पान कुणालाही फुकट उघडता येतं.

आता झाडालाच विचारायचं. ईएसलिंट हे कोड तपासून चुकीच्या जागी रेघ मारणारं साधन निकोलस झॅकस यांनी २०१३ मध्ये सुरू केलं, आणि त्यात असा प्रश्न एका ओळीत मांडता येतो. वेबपान सजवणाऱ्या सीएसएसमध्ये ज्या तऱ्हेने निवड करतात, तीच तऱ्हा. ज्या घोषणेच्या नावात 'दर' किंवा 'रक्कम' आहे, तिच्या थेट खाली पार्सफ्लोटची हाक असेल, तर दाखव.

(दृश्य : लाल नागमोडी रेघ. हशा.)

पकडलं. आणि दहा मिनिटांत निसटलंही.

कुणीतरी त्याच हाकेला शंभराने गुणलं. आता घोषणेच्या थेट खाली गुणाकार आला, हाक एक पायरी खाली गेली, आणि 'थेट खाली' हे शब्द खोटे पडले. दुसऱ्याने नंबर-टिंब-पार्सफ्लोट लिहिलं. झाडावर ते साधं नाव नाही, वस्तू आणि तिचा गुणधर्म अशी जोडगोळी आहे, तिचा प्रश्न वेगळा लिहावा लागतो. तिसरीने तर पार्सफ्लोट वापरलंच नाही. मजकुराच्या आधी नुसतं अधिकचं चिन्ह ठेवलं, झाला अंक! तिच्या चेहऱ्यावरचा आनंद कॅमेऱ्यात आलाय.

मग 'थेट खाली'च्या जागी 'खाली कुठेही' केलं. हे तर फारच झालं. रकमेच्या बेरजेच्या पोटात एक छोटं फंक्शन होतं, त्यात पेटीचं वजन काढलं होतं. वजनालाही लाल रेघ.

(दृश्य : पुन्हा बंदर. जाळ्याचा आस, दोन बोटं आत घालून ताणलेला.)

आस फार बारीक ठेवला तर पिल्लंही येतात.

(दृश्य : माडी. वीज गेलेली, इन्व्हर्टरचा दिवा.)

एका ओळीच्या प्रश्नाची हद्द इथे संपली. पुढचा नियम त्यांनी कोड म्हणून लिहिला. हाक सापडली की तिथून फांदीफांदीने वर चढायचं. वाटेत आधी फंक्शनची भिंत लागली तर परत फिरायचं, रकमेची घोषणा लागली तरच बोंब मारायची. आणि बोंब मारताना पुढे काय करायचं तेही सांगायचं. "इथे अपूर्णांक नको, पैशांचं फंक्शन वापरा" असा मराठी संदेश पडद्यावर येतो. हे मला फार आवडलं. संदेश इंग्रजीतच हवा असं कुठे आहे?

शेजारी चाचण्यांच्या दोन याद्या. एकीत चालणाऱ्या ओळी, दुसरीत न चालणाऱ्या. अधिकचं चिन्ह, शंभराचा गुणाकार, पोटातलं वजन, त्या दुपारची सगळी फजिती तिथे ओळीने मांडून ठेवलीय.

लिंट हे नाव जुनं. बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ मध्ये सी भाषेसाठी असं पहिलं साधन केलं. लिंट म्हणजे कपड्यांना चिकटणारे बारीक तंतू. तयार मिळणारे शेकडो नियम आज आहेत, स्वल्पविरामाचे, रिकाम्या जागांचे. पेटीचं वजन आणि पेटीचा दर यांतला फरक त्यांतल्या एकालाही ठाऊक नाही. तो या माडीवर ठाऊक आहे, कारण खाली पेंढा पडलाय.

काकांची पट्टी आता वहीशी जुळते.

(दृश्य : पडद्यावर एकच ओळ, जवळून.)

नियमातून सूट मागायची सोय ईएसलिंटमध्येच आहे. ओळीच्या वर एक टिप्पणी लिहिली की पुढच्या ओळीपुरती रेघ गप्प बसते. सगळ्या कोडमध्ये अशी एक टिप्पणी उरलीय, मे महिन्यात लिहिलेली. कारणही दिलंय : 'हंगाम संपल्यावर बघू'.

(दृश्य : खिडकीबाहेर पाऊस.)