सीटी नॉर्मल आला, म्हणजे पक्षाघात नाही?

नमस्कार. वडिलांचं तोंड अचानक वाकडं झालं, उजवा हात उचलेना, जीभ जड झाली. धावतपळत हॉस्पिटल गाठलं, डोक्याचा सीटी झाला आणि कुणीतरी म्हणालं, “सीटी नॉर्मल आहे.” घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. मला आज बोलायचंय ते याच क्षणाबद्दल, कारण खरी घाई इथूनच सुरू होते.

पक्षाघातात एक तर मेंदूतली रक्तवाहिनी फुटते, नाही तर गुठळी अडकून ती बंद होते. नुसतं पेशंटकडे बघून यातलं काय झालंय ते डॉक्टरांनाही खात्रीने सांगता येत नाही. आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन रक्तस्राव झालेल्याला दिलं, तर जिवावर बेतेल. म्हणून आधी सीटी. आणि म्हणूनच स्कॅनआधी घरी ॲस्पिरिन देऊ नका, कुणी कितीही आग्रह करो.

ताजं रक्त सीटीत लगेच पांढरं दिसतं. रक्त न मिळालेला मेंदू मात्र पहिले काही तास जवळपास नेहमीसारखाच करडा दिसतो. कधी गुठळी अडकलेली वाहिनी बारीक पांढऱ्या रेघेसारखी उठून दिसते, कधी मेंदूच्या घड्या पुसट होतात, कधी काहीच नाही. म्हणजे लक्षणं आहेत आणि सीटीत रक्त नाही, तर बहुधा गुठळीच आहे, आणि आता इंजेक्शनचा विचार करता येतो. त्यासाठी लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तास असतात. पण चौथ्या तासापेक्षा पहिल्या तासात दिलेलं इंजेक्शन कितीतरी जास्त मेंदू वाचवतं.

त्याच टेबलावर शिरेतून वाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून वेगळं औषध देऊन मानेच्या आणि डोक्याच्या रक्तवाहिन्यांचं सीटी अँजिओ करता येतं. मोठी वाहिनी बंद असेल, तर जांघेतून नळी वर नेऊन गुठळी ओढून काढतात. निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत याचा फायदा होतो, हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसलं.

आणि माणूस सकाळी उठला तेव्हाच हात लुळा असेल तर? पक्षाघात कधी झाला, कुणालाच माहीत नाही. अशा वेळी एमआरआय कामाला येतो. त्यातल्या डिफ्यूजन नावाच्या चित्रात इजा फार लवकर चमकते, फ्लेअर नावाच्या चित्रात उमटायला काही तास लागतात. पहिल्यात डाग आहे, दुसऱ्यात नाही, तर बहुधा घटना ताजी आहे आणि इंजेक्शनचा मार्ग अजून खुला असू शकतो. तरीही डॉक्टर तुम्हाला विचारतीलच: “काल रात्री शेवटचं नीट बोलले, ते किती वाजता?”