तवंग

(दृश्य: टाकीच्या तळाशी, वाळूजवळ ठेवलेला कॅमेरा. नजर वर.)

समोरून पाहिलं तर पाणी आरशासारखं. कॅमेरा वाळूला टेकवून वर रोखला की दिसतं ते हे: पाण्याच्या छताला चिकटलेली धुरकट कातडी. मिसळीवरचा तवंग आपण पावाने पुसून खातो. हा त्याचाच भाऊबंद, फक्त नकोसा.

ही डोंबिवलीतल्या आमच्या हॉलमधली टाकी. ९० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद, ५० उंच. दोनशे लिटरच्या आसपास खारं पाणी, किलोमागे ३५ ग्रॅम मीठ. क्लाउनफिशची एक जोडी, थोडे मऊ प्रवाळ, आणि काचेवरचं शेवाळ खरवडत फिरणाऱ्या तीन समुद्री गोगलगायी.

तवंग येतो यांच्याकडूनच. उरलेलं खाणं, माशांच्या अंगावरची बुळबुळ, प्रवाळांचा चिकट स्राव. त्यातल्या बऱ्याच रेणूंचं एक टोक पाण्याला धरून असतं, दुसरं पाण्यापासून पळतं. अशांना सगळ्यात सोयीची जागा म्हणजे हवा आणि पाणी यांची सीमा. तिथे जाऊन बसले की उठायचं नाव नाही. भर घालायला आमचं स्वयंपाकघर आहेच, हॉलला लागून. मासे तळले की तेलाचे बारीक कण तरंगत इकडे येतात आणि सकाळी पाण्यावर इंद्रधनुष्य.

नुसतं दिसायला वाईट असतं तर मी सोडून दिलं असतं. पण टाकी श्वास घेते ती इथूनच. २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, समुद्राच्या पाण्यात ६.८. मुळातच हात आखडता. त्यात तवंग बारीक तरंग दाबून टाकतो आणि हवेशी देवाणघेवाण मंदावते. रात्री दिवे बंद झाले की शेवाळाकडून मिळणारा ऑक्सिजनही थांबतो, पण श्वास सगळ्यांचाच चालू. कार्बन डायऑक्साइड साठतो, आणि पहाटे मोजावा तर पीएच उतरलेला.

(दृश्य: स्वयंपाकघरातला पाण्याने काठोकाठ भरलेला पत्र्याचा ट्रे. त्यावर आडवी पट्टी सरकते आहे.)

तवंग कसा हटवायचा, याचं उत्तर मला मत्स्यालयाच्या दुकानात मिळालं नाही. ते मिळालं जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या आग्नेस पोकेल्स या बाईंकडून. जन्म १८६२चा. मुलींना तिथे तेव्हा विद्यापीठाची दारं बंद, त्यामुळे या घरीच, आई-वडिलांचं आजारपण आणि स्वयंपाक सांभाळत. त्यांनी ७० सेंटिमीटर लांबीचं पत्र्याचं उथळ पन्हळ काठोकाठ भरलं, त्यावर पाण्याला टेकेल अशी पत्र्याची पट्टी आडवी ठेवली आणि ती सरकवली. पृष्ठभागावरची घाण पट्टीच्या पुढे गोळा झाली, मागे कोरं पाणी राहिलं. १८९१ साली त्यांनी इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना हे पत्राने कळवलं आणि रॅले यांनी ते पत्र ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात छापून आणलं. पृष्ठभाग हा जणू वेगळाच पदार्थ आहे, तो खालच्या पाण्याला फारसं न हलवता बाजूला सारता येतो, हे एका स्वयंपाकघरातून जगाला कळलं.

आता टाकीकडे. पंपाचं तोंड वर करून पाणी घुसळलं की तवंग दिसेनासा होतो. गेला कुठे? कुठेच नाही. फाटला आणि मिसळला. पंप थांबवा, तासाभरात हजर. टिश्यू पेपर पाण्यावर अलगद पसरून उचलला तर तवंग खरोखर निघतो, पण हे रोज कोण करणार?

खरा उपाय सांडवा. धरणाला असतो तसाच. टाकीच्या काठाशी फणीसारख्या दातांची खाच, तिच्यावरून वरचं पाणी सांडतं, पाइपातून सम्पमध्ये, म्हणजे खाली ठेवलेल्या दुसऱ्या टाकीत जातं. तिथे प्रोटीन स्किमर त्यात बारीक बुडबुडे सोडतो, घाण फेसाला चिकटून कपात चढते. कपातला तो काळपट चहा एकदा हुंगून पाहा. दुसऱ्यांदा हुंगणार नाही.

लोक चुकतात ते इथे: पंप मोठा घेतात. खरं तर काठ लांब हवा. माझा रिटर्न पंप, म्हणजे सम्पमधलं पाणी परत टाकीत पाठवणारा, तासाला १२०० लिटर चढवतो. आधीची खाच २० सेंटिमीटरची होती, तिच्यावरून जाणारा थर हिशेबाने ९ मिलिमीटर जाड. म्हणजे तवंगासोबत खालचं स्वच्छ पाणीही फुकट प्रवास करायचं. मागची अख्खी ९० सेंटिमीटरची कड सांडवा केली आणि थर साडेतीन मिलिमीटरवर आला. पंप तोच.

(दृश्य: ओल्या फरशीवर वाळलेलं पांढरं मीठ.)

हे मात्र माझं पाप. जूनमधल्या एका वादळी रात्री लाइट गेली. पंप थांबला की रिटर्नच्या पाइपातून पाणी उलटं खाली ओढलं जातं. ते तुटावं म्हणून पाइपाला पाण्याच्या रेषेखालोखाल एक बारीक भोक असतं, त्यातून हवा शिरते. माझं भोक गुलाबी शेवाळाने बुजलेलं. पाइपाचं तोंड ७ सेंटिमीटर खोल, आणि या टाकीत दर सेंटिमीटरला चार लिटर. अठ्ठावीस लिटर खाली उतरलं, सम्पमध्ये जागा अठराची. बाकीचं आईने पहाटे चार वाजता टॉर्च तोंडात धरून पुसलं. खालच्या मजल्यावरच्या काकू अजून जिन्यात भेटल्या की “काय, मासे बरे आहेत ना?” एवढंच विचारतात.

आता दर रविवारी त्या भोकात टूथपिक फिरवतो.

(दृश्य: पुन्हा वाळूपासून वर. वरून आलेला उजेड तुटत, नाचत तळावर पडतो. क्लाउनफिश मधून जाते.)

आज छत साफ आहे. उद्या घरी सुरमई. एक्झॉस्ट लावायचं मी आईला आत्ताच सांगून ठेवलंय.