बातमीनंतरचे तीन दिवस

[दृश्य: बॉस्टन. डॉर्चेस्टर भागातली लाकडी तीनमजली घरं.]

पोलीस दार वाजवून बातमी देतात आणि निघून जातात. मग?

मृतदेह ताब्यात कधी मिळणार? दफनविधीचे पैसे कुठून आणायचे? कॅमेरे घेऊन पत्रकार दारात उभे, त्यांच्याशी बोलायचं की नाही? धाकटी बहीण शाळेतून येईल, तिला कोणी आणि काय सांगायचं? ज्या घरातला मुलगा गोळीबारात गेला, त्या घराला पहिल्या दोन-तीन दिवसांत हे सगळं एकदमच निस्तरावं लागतं.

क्लेमेंटिना चेरी यांनी हे सोसलंय. २० डिसेंबर १९९३ रोजी त्यांचा मुलगा लुईस एका नाताळच्या पार्टीला निघाला होता. पार्टी टोळीयुद्धांविरुद्ध काम करणाऱ्या मुलांच्या गटाची. वाटेत दुसऱ्यांच्या भांडणातली गोळी त्याला लागली. वय १५. अमेरिकेचा पहिला कृष्णवर्णीय अध्यक्ष व्हायचं, असं तो म्हणायचा.

[दृश्य: पुस्तिकेची पानं, जवळून.]

१९९४ मध्ये त्याच्याच नावाने 'लुईस डी. ब्राऊन पीस इन्स्टिट्यूट' ही संस्था उभी राहिली. नाव भारदस्त, काम मात्र अगदी हाताला धरून वाट दाखवायचं. संस्थेने शोकाकुल घरांसाठी एक पुस्तिका केली. आधी काय, मग काय, हे पायरीपायरीने सांगणारी. घरच्यांनी पेन घेऊन भरत जायची. सोबतीला संस्थेचं माणूस असतं. अशा प्रसंगी सांत्वनाला पुढारी पुष्कळ येतात हो. कोणता अर्ज कुठे द्यायचा हे सांगणारा सापडत नाही. माझ्या मते इथलं खरं नेतृत्व त्याचंच.

आणखी एक गोष्ट, पचायला जड. ज्याने गोळी झाडली, त्याच्या घरच्यांनाही ही संस्था आधार देते. मुलगा तुरुंगात गेलेली आईही बहुधा त्याच वस्तीत राहते, त्याच दुकानात जाते. तिला वाळीत टाकून वस्ती सावरणार कशी, हा त्यामागचा विचार.

१९९० मध्ये बॉस्टनमध्ये १५२ खून झाले होते. १९९९ मध्ये ३१. याचं श्रेय टोळ्यांमधला गोळीबार थांबवण्यासाठीच्या पोलिसांच्या 'ऑपरेशन सीझफायर' या मोहिमेला आणि टोळ्यांमधल्या मुलांशी बोलत रस्त्यावर फिरणाऱ्या पाद्र्यांना दिलं जातं. त्यात तथ्य आहेच. पण आकडा उतरला म्हणून त्या ३१ घरांची धावपळ काही कमी झाली नाही.

[दृश्य: मे महिन्यातली सकाळ. जांभळे टी-शर्ट, छातीवर फोटोंचे बिल्ले.]

अमेरिकेत मे महिन्यातला दुसरा रविवार मातृदिनाचा. ज्यांचं मूल गेलं, त्यांनी त्या दिवशी घरात बसून काय करायचं? म्हणून १९९६ पासून त्या दिवशी डॉर्चेस्टरमधून शांततेसाठी पदयात्रा निघते. आया, बाप, भावंडं, शेजारी, चर्चची मंडळी, सगळे चालतात. यात्रेच्या निमित्ताने देणग्याही गोळा होतात, आणि तो पैसा संस्थेच्या याच कामाला लागतो.