अकरा वेळा टस्स

[दृश्य: अंधेरी पूर्व. इंडस्ट्रियल इस्टेटीचा जिना, भिंतीवर पानाचे डाग. वरून ड्रमचा आवाज येतोय.]

तिसऱ्या मजल्यावरचा हा गाळा म्हणजे आमची प्रॅक्टिसची खोली. खाली पुठ्ठ्याच्या खोक्यांचं काम चालतं, समोर लेथ. इथे आमच्या आवाजाची तक्रार कोणी करत नाही. लेथवाले फार तर म्हणतात, "आज लवकर लागला वाटतं तुमचा कारखाना."

दोन गिटार, एक बेस, गायक, आणि ड्रमवर मी. गाणी मराठी. आवाज मात्र कानात बोळे घातल्याशिवाय सोसवणार नाही असा. बोळे आम्ही खरंच घालतो. तिशीतच कानात शिट्टी वाजायला लागलेले दोन ड्रमर माझ्या ओळखीत आहेत.

[दृश्य: बशीएवढी झांज, अगदी जवळून. कडेपासून मधल्या टोपीपर्यंत बारीक गोल रेघा.]

हा स्प्लॅश. सहा इंचांपासून बारा इंचांपर्यंत मिळतो. कडेला काडी लागली की 'टस्स', आणि सेकंदभरात खेळ संपला. तव्यावर पाण्याचा थेंब पडावा, तसा. मी हा ८ इंची घेतला तेव्हा दुकानात जीव जडला होता. गाळ्यात आणला, गाणं सुरू झालं, आणि तो दिसत होता फक्त. माझी काडी लागताना दिसायची, झांज हलताना दिसायची. आवाज शून्य.

मग मी तेच केलं जे सगळे करतात. जोरात मारायला लागलो.

पातळ झांजेच्या आवाजाला एक छत असतं. त्याच्या वर कितीही जोर लावा, आवाज वाढत नाही, धातू थकतो. चार महिन्यांत कडेला केसासारखी चीर गेली. वायसरखालची प्लास्टिकची नळी कधी पडली ते कळलंच नाही, त्यामुळे मधलं भोकही लांबट झालं होतं. दोष कंपनीचा नव्हता, माझा होता.

[दृश्य: धोबीतलाव, जेर महालची इमारत. रस्त्यावरची गर्दी.]

मुंबईत वाद्यं घ्यायची तर पावलं धोबीतलावकडेच वळतात. जेर महालात फुर्टाडोज आहे, १८६५ पासूनचं. याच इमारतीत गोव्याच्या गावागावांचे कूड, म्हणजे मुंबईत कामाला आलेल्या गोवेकरांच्या राहण्याच्या खोल्या. हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात आणि हॉटेलांच्या जॅझ बँडात वाजवणारे कितीतरी हात गोव्याहून या शहरात आले. १९३० च्या दशकात ताजमध्ये अमेरिकन जॅझ बँड वाजत होते, आणि स्प्लॅशची चलतीही त्याच काळातली. तेव्हा ड्रमरसमोर ट्रम्पेट असायचे, सॅक्सोफोन असायचे, पण भिंतीएवढे गिटारचे ॲम्प्लिफायर नव्हते. छोट्या झांजेला हवा मिळायची.

पुढे रॉक आला आणि स्प्लॅश मागे पडला. त्याला पुन्हा पुढे आणणाऱ्यांत मोठं नाव द पोलीस या बँडचा ड्रमर स्टुअर्ट कोपलंड याचं. हा बँड १९८० साली मुंबईत वाजवून गेला. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो, तरी ते चुकल्याची हळहळ मला अजून वाटते. कोपलंडचं वाजवणं नीट ऐकलं तर एक गोष्ट लक्षात येते: त्या बँडात गिटार एकच होती, आणि ती मधे मधे गप्प बसायची.

[दृश्य: ड्रमर दोन हातांत दोन झांजा तोलून बघतो.]

दुसऱ्या वेळी खरेदीला गेलो ते शहाणा होऊन. दुकान शांत असतं, एसी चालू असतो. तिथे प्रत्येक स्प्लॅश गोडच वाजतो, कारण आपण ऐकतो ती त्याची शेपूट, मागे रेंगाळणारी ती चकाकी. बँडात ही शेपूट कोणालाच ऐकू येत नाही. म्हणून वाजवायचा आणि लगेच बोटांनी धरायचा. उरतो तो पहिला ठोका. बँडात आपल्याला मिळणार आहे तो तेवढाच.

एकाच मापाच्या दोन झांजा तळहातांवर घ्या. जड असेल तिचा सूर चढा लागतो आणि ती जोर जास्त सोसते, पण उघडायला वेळ घेते. फारच जड झाली की 'टस्स' जाऊन 'टण्ण' येतं, देवघरातली घंटा. हलकी पटकन उघडते, पण गोंगाटात विरते. आमच्यासारख्या बँडसाठी मी १० इंची, पातळ पण कागदासारखी नाही, अशी घेईन. ६ इंची म्हणजे ड्रमरने स्वतःशी खेळायचं खेळणं, असं माझं मत. वर ओव्हरहेड माइक असतील तर ८ इंची चालते. पण लहान जागांमध्ये बहुतेक वेळा किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि स्नेअर (समोरचा कडक वाजणारा ड्रम) यांनाच माइक लागतो, झांजा रामभरोसे.

धातूचंही बघायचं. स्वस्तातल्या बऱ्याच झांजा पितळी असतात. त्यांच्या वर ९२ टक्के तांबं आणि ८ टक्के कथील असलेल्या, आणि त्यांच्याही वर ८०-२० च्या. हे ८०-२० आपल्याला परकं नाही. पायाला तूप लावून आजी जी काशाची वाटी घासायची, तिच्यात साधारण हेच प्रमाण असतं. ती वाटी फरशीवर पडल्यावर किती वेळ गुणगुणायची, आठवून बघा. ८०-२० ची झांज अशीच भरलेली वाजते. ९२-८ ची सरळ आणि टोकदार. गोंगाटी बँडात ही दुसरी कधी कधी जास्त उपयोगी पडते, आणि खिशालाही परवडते. महाग तेच चांगलं, हे इथे खरं नाही.

आणखी एक. दुकानात स्वतः वाजवून ठरवू नका. वीस फुटांवर जाऊन उभे राहा आणि दुसऱ्या कोणाला मारायला सांगा. जमलं तर त्याच वेळी शेजारची मोठी क्रॅश झांजही मारायला लावा. दुकानदार वैतागतो. वैतागू दे.

[दृश्य: लालबाग. गल्लीत ताशाची तालीम. काड्या अगदी जवळून.]

१० इंची घेतली. तरीही अर्धे ठोके गायब. तेव्हा मी काकांकडे गेलो. काका लालबागचे, जन्म ताशात गेला. चौथीत असताना त्यांनीच माझ्या हातात काड्या दिल्या होत्या. विसर्जनाला पन्नास ढोल गर्जत असताना त्यांचा एक ताशा गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येतो. मी प्रॅक्टिसचं रेकॉर्डिंग मोबाइलवर लावलं. काकांनी अर्धं गाणं ऐकलं, चहा ठेवला खाली.

"तो चिर्र चिर्र आवाज कसला रे सारखा?"

"हायहॅट, काका. पायाने मिटायची झांजांची जोडी. उघडा ठेवून वाजवतो मी."

"आणि तो धबधबा?"

"क्रॅश."

"मग त्या तुझ्या टस्सवाल्या पोरीवर तूच ओरडतोयस की. गिटारवाल्यांना का शिव्या घालतोस?"

माझी बोलती बंद. खरंच की. गिटारच्या १२ इंची स्पीकरचा आवाज साधारण पाच हजार हर्ट्झच्या वर झपाट्याने उतरतो. स्प्लॅशची चकाकी त्याच्या वर, जिथे गिटार पोचतच नाही. तिथे गर्दी कोण करतं? माझा उघडा हायहॅट आणि माझी क्रॅश, जी एकदा वाजली की काही सेकंद मागे हटत नाही. ताशा ऐकू येतो तो ढोल खालच्या सुरात असतात म्हणून. वर त्याच्या जागेत दुसरं कोणी फारसं बसलेलं नसतं.

[दृश्य: गाळा. झांजेचा स्टँड वर सरकवला जातो. बेसवाला बाहेर पॅसेजमध्ये उभा.]

मग गाळ्यात परत आलो आणि एकेक बदलत गेलो. स्प्लॅश टॉम ड्रमच्या मागे दडला होता, तो उंच केला. हा वरचा आवाज दिव्याच्या उजेडासारखा वागतो: समोर काही आलं की अडतो, आणि माणसांचे कपडे तर तो पिऊनच टाकतात. झांज घट्ट धरणारा विंग नट सैल केला, झांजेला मान हलवता आली पाहिजे. सरळ ठोसा मारणं बंद केलं. काडीचा खांदा, म्हणजे टोकाजवळचा उतार, कडेवरून तिरका ओढला, धूळ झटकल्यासारखा. आणि स्प्लॅशच्या आधी डावा पाय दाबून हायहॅट बंद. हे शेवटचं लिहायला एक ओळ लागली, पायाला शिकवायला सहा आठवडे.

एका गाण्यात गिटार थांबतच नाहीत, तिथे मात्र मी हार मानली. त्या जागी चायना स्प्लॅश लावला, कडा उलट वळलेला. त्याचा आवाज गोड नाही, पत्र्याचा डबा जिन्यावरून पडावा तसा आहे. पण पोचतो.

[दृश्य: लहान हॉल, मागची बाजू. साउंडच्या टेबलाशी एक मुलगी, हातात पेन.]

गेल्या महिन्यातला कार्यक्रम. माइक दोनच, किक आणि स्नेअरला. रात्री दहाच्या आत आटपायचं होतं. बेसवाल्याची बहीण सगळ्यात मागे उभी होती. तिला एवढंच सांगितलं होतं, टस्स ऐकू आलं की तळहातावर एक रेघ मार. पहिल्या गाण्यात मी स्प्लॅश अकरा वेळा वाजवला.

[दृश्य: तळहात, निळ्या पेनाच्या रेघा.]

नऊ.

घरी येऊन व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितला. हुकलेले दोन ठोके सापडले. दोन्ही वेळा माझा डावा पाय हवेत होता.