‘मिट’ आणि ‘मिस’: एका लॅटिन धातूची सोलापुरातली बिऱ्हाडं

[दृश्य: डॉ. कोटणीस स्मारक, सोलापूर]

निवेदन:
चीन आणि जपान यांचं युद्ध सुरू होतं. 1938 साली काँग्रेसने पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला पाठवलं. त्यातले एक होते सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस. ते परतले नाहीत. 9 डिसेंबर 1942 रोजी चीनमध्येच त्यांचं निधन झालं. या पथकाचं नाव होतं ‘इंडियन मेडिकल मिशन’.

आज मिशन म्हटलं की ध्येय, मोहीम, सरकारी योजना असं काहीही डोळ्यांपुढे येतं. या पथकाच्या नावात मात्र तो शब्द मूळ अर्थाला धरून आहे. लॅटिनमध्ये ‘मित्तेरे’ म्हणजे पाठवणे, सोडणे, जाऊ देणे. त्यावरून ‘मिसिओ’, म्हणजे रवानगी. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत हा शब्द रुळला, तो जेझुइट धर्मगुरूंना परदेशी पाठवण्याच्या संदर्भात. एकोणिसाव्या शतकात सोलापुरात आलेल्या अमेरिकन मराठी मिशनच्या नावातही हीच रवानगी आहे. ख्रिस्ती मराठीत ‘प्रेषित’ म्हणतात, तोही पाठवलेलाच.

[दृश्य: फळा. खडूने लिहिलं जातं: मित्तो, मित्तेरे, मीसी, मिस्सुम]

लॅटिन क्रियापद चार रूपांनी पाठ करतात. आपल्याला दोनच रूपं पुरतात: ‘मित्तेरे’ आणि ‘मिस्सुम’. इंग्रजी क्रियापदं पहिल्यावरून आली, म्हणून त्यांच्या शेवटी ‘मिट’: परमिट, सबमिट, ॲडमिट. नामं आली दुसऱ्यावरून, म्हणून त्यांत ‘मिस’: परमिशन, सबमिशन, ॲडमिशन.

‘ट’चा ‘स’ झाला तो लहरीने नव्हे. धातूच्या शेवटी त किंवा द असेल आणि त्याला पुन्हा त-ने सुरू होणारा प्रत्यय लागला, तर लॅटिनमध्ये दोन्हींचा मिळून बहुधा जोड ‘स्स’ होतो. ‘कन्सीड’चं नाम ‘कन्सेशन’ होतं, त्यामागे हाच नियम आहे. एकदा हे ध्यानात आलं की ‘परमिशन’ आणि ‘ॲडमिशन’ यांच्या स्पेलिंगमध्ये डबल एस का, हे वेगळं घोकावं लागत नाही.

[दृश्य: वाचनालयातलं टेबल, उघडलेलं संस्कृत व्याकरण]

हा प्रकार मराठी माणसाला नवा नाही. संस्कृत शिकलेल्यांना तो श्लोक आठवेल: उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते, प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत्. ‘हृ’ धातू एकच, पण उपसर्ग बदलला की प्रहाराचा आहार होतो आणि आहाराचा संहार. मित्तेरेचं तसंच आहे. म्हणून शब्द उलगडताना आधी ‘मिट’ किंवा ‘मिस’ बाजूला काढायचा, मग पुढचा उपसर्ग वाचायचा, आणि शेवटी मराठीतलं साधं क्रियापद घालून पाहायचं: पाठवणे किंवा जाऊ देणे. दोन्ही घालून पाहावेत, कारण काही शब्द पहिल्याने उलगडतात आणि काही दुसऱ्याने.

‘ॲड’ म्हणजे कडे: ॲडमिट, आत येऊ देणे. ‘पर’ म्हणजे आरपार: परमिट, पलीकडे जाऊ देणे. पुणे–हैदराबाद महामार्गावरच्या ट्रकवरचं नॅशनल परमिट आणि 1949 च्या दारूबंदी कायद्यामुळे पाटीवर आलेली परमिट रूम, दोन्हीकडे तोच शब्द. ‘ई’ म्हणजे बाहेर: एमिट. फताटेवाडीच्या औष्णिक वीज केंद्रात 660 मेगावॅटचे दोन संच आहेत. त्यांच्या चिमणीतून बाहेर सोडलं जातं ते एमिशन. ‘डिस’ म्हणजे दूर: डिसमिस. ‘री’ म्हणजे मागे: रेमिट, म्हणून घरी धाडलेला पैसा रेमिटन्स. आणि उपसर्गच नसेल तर मिसाइल, सोडायचं अस्त्र. मराठीत त्याला क्षेपणास्त्र म्हटलं, ते नेमकं आहे, कारण ‘क्षिप्’ म्हणजेही फेकणे.

[दृश्य: शेतातून गेलेले उच्चदाब वाहिनीचे मनोरे]

‘ट्रान्स’ म्हणजे ओलांडून. ट्रान्समिशनचं सोलापूरकडचं उदाहरण देशाच्या इतिहासातलं आहे. 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर–सोलापूर ही 765 किलोव्होल्टची पारेषण वाहिनी कार्यान्वित झाली आणि दक्षिणेची वीज ग्रीड उरलेल्या देशाच्या ग्रीडशी एका वारंवारितेवर जोडली गेली. मराठीतला ‘पारेषण’ हा शब्दही बघा कसा बेतला आहे: पार, आणि धाडण्याच्या अर्थाचं एषण.

‘इंटर’ म्हणजे मध्ये. मधे सोडून सोडून होतं ते इंटरमिटंट. सोलापूरला नळाचं पाणी वर्षानुवर्षं काही दिवसांआड येतं. पाणीपुरवठ्याच्या तांत्रिक भाषेत तो इंटरमिटंट सप्लाय. ज्याने पाणी भरून ठेवलं आहे, त्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

[दृश्य: सोलापूर बाजार समिती, कांद्याचा लिलाव]

सगळ्यात मोठा संसार ‘कॉम’चा. कॉम म्हणजे एकत्र. कमिट म्हणजे एखादी गोष्ट दुसऱ्याच्या हवाली करणे. शेतकरी कांदा अडत्याच्या हवाली करतो. त्या कामाचा मोबदला कमिशन. ज्या संस्थेवर बाजाराचा कारभार सोपवला, ती मार्केट कमिटी. शहराचा कारभार ज्याच्याकडे सोपवला, तो कमिशनर. चौकशी सोपवली की चौकशी कमिशन. अडत आणि आयोग यांचा एकमेकांशी काय संबंध, असं वाटतं; संबंध सोपवण्यात आहे.

[दृश्य: विद्यार्थ्यांची मेस, ताटं लागली आहेत]

आता या घराण्याची फ्रेंच शाखा. फ्रेंचमध्ये मित्तेरेचं ‘मेत्र’ झालं आणि अर्थ सरकला: पाठवणे जाऊन ठेवणे. या वाटेने आलेले शब्द चटकन ओळखू येत नाहीत. प्रॉमिस म्हणजे पुढे केलेला शब्द. कॉम्प्रमाइज हा आधी कायद्यातला शब्द होता: पंच जो निवाडा देईल तो मान्य, असं दोन्ही पक्षांनी मिळून दिलेलं वचन. दोघांनी थोडं थोडं सोडायचं, हा अर्थ नंतरचा. प्रिमायसेसची गोष्ट मला फार आवडते. मूळ अर्थ ‘आधी मांडलेलं’. दस्तऐवजात मालमत्तेचं वर्णन एकदा केलं की पुढे ‘वर नमूद केलेली’ एवढंच लिहीत. लिहिता लिहिता हा शब्द त्या घर-आवारालाच चिकटला.

आणि मेस. स्वयंपाकघरातून टेबलावर पाठवलेला पदार्थ तो ‘मिस्सुस’. फ्रेंचमध्ये त्याचं ‘मेस’ झालं, मग एकत्र जेवणारी मंडळी, मग सैन्याची खानावळ, आणि तिथून आपल्याकडची विद्यार्थ्यांची मेस. मेसेजही याच शाखेतला. ख्रिसमसमधला ‘मस’ मात्र थेट लॅटिनमधून आला: लॅटिन उपासनेच्या शेवटी ‘इते, मिस्सा एस्त’ म्हणून मंडळींना निरोप देत, त्या मिस्सावरून ‘मास’, म्हणजे ती उपासना.

[दृश्य: स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेतली वही, लाल शाईने दुरुस्त्या]

स्पेलिंग चुकतं ते बहुधा दोन ठिकाणी. पहिलं ठिकाण एम. ‘कॉम’चा एक एम आणि ‘मिट’चा एक, म्हणून कमिट, कमिशन, कमिटी यांत डबल एम. कमिटीत तर तीन जोड्या: सी, ओ, डबल एम, आय, डबल टी, डबल ई. ओमिट आणि एमिट यांच्या उपसर्गात एम नाहीच, म्हणून तिथे एकच. ओमिशनला डबल एम लावणं ही नेहमीची चूक.

दुसरं ठिकाण टी. परमिट हे क्रियापद उच्चारताना जोर ‘मिट’वर पडतो, म्हणून परमिटेडमध्ये डबल टी. लिमिटमध्ये जोर ‘लि’वर, म्हणून लिमिटेडमध्ये एकच. वीव्हिंग कंपन्यांच्या पाट्यांवर ‘लिमिटेड’ हवं तितकं दिसेल. टी मोजून पाहा.

लिमिट या घराण्यातला नाहीच. तो ‘लीमेस’वरून आला, म्हणजे हद्द. समिट आला ‘सुम्मुस’वरून, सर्वांत उंच. व्हॉमिट ‘व्होमेरे’वरून. हर्मिट तर ग्रीक, एकांतात राहणारा. मिस्टेकमधला ‘मिस’ जर्मानिक, म्हणजे इंग्रजीच्या मूळ भाषाकुळातला, उपसर्ग आहे, आणि बाईंना हाक मारतो तो ‘मिस’ मिस्ट्रेसचं आखूड रूप. म्हणून ‘मिट’ किंवा ‘मिस’ दिसला की उपसर्ग काढून अर्थ लागतो का, ते तपासायचं. ‘लि’ किंवा ‘व्हॉ’ नावाचा लॅटिन उपसर्ग नाही, तिथेच थांबायचं. शंका उरली तर व्युत्पत्ती देणाऱ्या कोशात नोंदीच्या शेवटी ‘मित्तेरे’ लिहिलं आहे का, ते पाहायचं.