किमोनंतर केस परत आले नाहीत तर

(शहापूर, बेळगाव इथं हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मैत्रिणींनो, आज हळदीकुंकवाला जमलात, म्हणून मुद्दाम हा विषय घेतला. कारण ज्या बाईबद्दल मला बोलायचं आहे, ती अशा कार्यक्रमांना येणंच सोडून देते.

स्तनाच्या कॅन्सरचा उपचार संपून तिला दोन-दोन वर्षं झालेली असतात. ती शेतात जाते, धारा काढते, निपाणीच्या बाजाराला एकटी जाऊन येते. पण डोक्यावरचा पदर हलू देत नाही. माझ्या खोलीचं दार लावल्यावरच तो खाली येतो. कपाळालगत केसांची बारीक ओळ उरलेली, वर टाळू उघडी, आणि जे केस आहेत ते तान्ह्या बाळाच्या जावळासारखे. गजरा माळावा तर पिनेला धरायला काही नाही. कुणाच्या भुवया विरळ राहतात, कुणाच्या पापण्या. मग उसाचा पाला पेटवला की राख थेट डोळ्यांत.

घरचे म्हणतात, ‘जीव वाचला ना, केसांचं काय घेऊन बसलीस?’ मायेनंच म्हणतात. पण ती बाई गप्प होते, आणि तपासणी राहून जाते. मला वाईट वाटतं ते याचं.

केसांच्या मुळाशी पेशी फार भराभर वाढतात. डोक्यावरचे 85 ते 90 टक्के केस एका वेळी वाढीच्याच अवस्थेत असतात. किमोचं औषध वाढत्या पेशींवर घाव घालतं, म्हणून दोन-तीन आठवड्यांत केस पुंजक्यांनी हातात येतात. एरवी उपचार संपल्यावर तीन ते सहा महिन्यांत ते परत येतात. सहा महिने उलटूनही पुरते आले नाहीत, तर ती टिकून राहिलेली केसगळती समजायची. डोसेटॅक्सेल या औषधानंतर हे जास्त दिसतं, पॅक्लिटॅक्सेलनंतरही काहीजणींना होतं. बोनमॅरो बदलण्याआधी देतात त्या बुसल्फाननंतरही होतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं डोसेटॅक्सेलच्या माहितीपत्रकात कायमच्या केसगळतीची नोंद घातली ती डिसेंबर 2015 मध्ये. म्हणजे हा औषधाचा परिणाम आहे. तिनं तेल लावलं नाही, पथ्य मोडलं, यातलं काही नाही. सौंदत्तीला जाऊन यल्लम्माची ओटी भरा, मी कशाला अडवू? पण देवीचा कोप झाला म्हणून केस गेले, असं कुणी म्हणालं तर तिथल्या तिथं थांबवा.

सगळा दोष किमोचाच असतो असंही नाही. टॅमॉक्सिफेन, लेट्रोझोल या गोळ्या पाच-पाच, कधी दहा वर्षं चालतात, त्यांनीही भांग रुंद होतो. त्या मनानं बंद करू नका, कॅन्सर परत येऊ नये म्हणून त्या आहेत. थायरॉइड बिघडलेलं असतं, रक्त कमी असतं, लोह कमी असतं. यातलं बरंच सुधारता येतं, म्हणून तपासायचं. छातीला दिलेल्या लाइटनं, म्हणजे रेडिएशननं, डोक्याचे केस जात नाहीत. डोक्याला लाइट दिला असेल तर मात्र त्या जागेवर कायमचे जाऊ शकतात. आणि एक, केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तपासणीसाठी रक्त द्यायच्या आधी डॉक्टरांना सांगा. थायरॉइडचा रिपोर्ट त्यानं खोटा येऊ शकतो.

उपायांत मिनॉक्सिडिल आहे, टाळूला लावायचं. पहिले काही आठवडे उलट जास्त केस गळतात, तेव्हाच पुष्कळजणी घाबरून सोडतात. चार-सहा महिने धीर धरावा लागतो. थोड्या मात्रेच्या गोळ्याही देतात, पण ते मुळात रक्तदाबाचं औषध, मेडिकलमधून परस्पर आणायचं नाही. काहीजणींना चांगला फरक पडतो, सगळ्यांना नाही. कांद्याच्या रसानं मेलेलं मूळ उठत नाही. विग घालावासा वाटला तर खुशाल घाला, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

जिचा किमो अजून सुरू व्हायचा आहे, तिनं थंड टोपीबद्दल विचारावं. किमोच्या सलाईनच्या अर्धा तास आधीपासून ते संपल्यानंतरही काही वेळ ती टोपी घालतात. थंडीनं टाळूच्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध मुळांपर्यंत कमी पोचतं. रक्ताच्या कॅन्सरमध्ये ती वापरत नाहीत, आणि सगळीकडे मिळतही नाही. पण पहिल्या सलाईननंतर विचारून फारसा उपयोग नाही.

आपल्याकडची अडचण मला ठाऊक आहे. कुणी हुबळीला उपचार घेतलेत, कुणी कोल्हापूरला, कुणी मुंबईला. कागद इंग्रजीत, काउंटरवर कन्नड, आणि सांगायचं ते मनात मराठीत. म्हणून डिस्चार्ज कार्ड फेकू नका, कोणतं औषध दिलं ते त्याच्यावर असतं. किमो सुरू होण्याआधीचा एक फोटो बरोबर आणा. केस कधी यायला लागले आणि कुठं थांबले, ते मराठीतच एका कागदावर लिहून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.

कार्यक्रम संपल्यावर मी मागच्या खोलीत आहे. ज्यांना चारचौघींत विचारायचं नाही, त्यांनी तिकडे या.